चोवीस तास विमान नाही

आमच्या घरात पाण्याचा विषय काढायची सोय नव्हती. नदी, विहीर, तलाव, समुद्र, यांतलं काहीही तोंडातून निघालं की बाबांचा चेहरा उतरायचा आणि आई डोळे वटारायची. बाबांचा धाकटा भाऊ शाळकरी वयात कृष्णेच्या पुरात वाहून गेला होता. बाबा तेव्हा घाटावरच उभे होते. एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापुढचं ते कधी बोलले नाहीत आणि विचारायची आमची छाती झाली नाही. शाळेची सहल गणपतीपुळ्याला निघाली की मी आणि दादा चिंचवडच्या घरात पत्ते कुटत बसायचो.

तर अशा घरातली मी, चाळिशी ओलांडल्यावर जर्मनीत पोहायला शिकले. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, भाड्याचं दोन खोल्यांचं घर, आणि मी एकटी. लग्न एकदा केलं, जमलं नाही, तो विषय संपला. इथे हिवाळ्यात चहाच्या वेळेला अंधार पडतो आणि माणूस भिंतींशी बोलायला लागतो. त्यावर उपाय म्हणून गावातल्या हालेनबाडमध्ये, म्हणजे छपराखालच्या तलावात, नाव घातलं. माझ्या शेजारच्या रांगेत पहिलीतली जर्मन पोरं. त्यांना पोहता आलं की समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो. मला दिला नाही. मोठ्यांना देत नाहीत म्हणे. मेल्यांनो, मी काय तुमच्यापेक्षा कमी पाणी प्यायले होते?

पोहण्यावरून मी बुडी मारण्यावर गेले ती ऑफिसातल्या अकाउंट्सवालीमुळे. साठीला टेकलेली, कडक इस्त्रीची बाई, पण पाण्यात शिरली की लहान मूल. तिच्या क्लबात सिलिंडर पाठीवर बांधून खाली जायला शिकवायचे. आधी तलावात, मग उन्हाळ्यात खडीच्या जुन्या खाणीत साठलेल्या तळ्यात. तळ्याचं पाणी गार आणि इतकं गढूळ की चार हात खाली गेलं की स्वतःचा पंजा दिसत नसे. पण तिथे, त्या काळोखात, मला आयुष्यात पहिल्यांदा शांत वाटलं. फोन नाही, मीटिंग नाही, 'मग पुढे काय ठरवलंस?' असं विचारणारी मावशी नाही. फक्त आपला श्वास, आत आणि बाहेर.

इथे डॉक्टरचा शिक्का असल्याशिवाय कोणी तुम्हाला पाण्यात पाय बुडवू देत नाही. डॉक्टरीणबाईंनी एका नळीत फुंकायला लावलं, पडद्यावर रेघ सरसर वर चढली, आणि त्या खूश होऊन म्हणाल्या, "फुप्फुसं अगदी विशीतल्या मुलीची आहेत!" मला वाटलं, आत्ता घरी फोन करावा. पण सांगणार काय? 'बाबा, समुद्राच्या तळाशी जायला पास झाले'? त्यांनी तिथल्या तिथे अंथरूण धरलं असतं. मी गप्प बसले. दर रविवारी सांगायची, योगासनांच्या क्लासला जाते. आईला ते फार पटायचं.

रविवारचा फोन हा आमच्या घरातला नेम. दुपारी माझं जेवण उरकलं की मी व्हिडिओ कॉल लावायची. बाबांची सगळी नोकरी भोसरीच्या एका फाउंड्रीत गेली, त्यामुळे आवाज मूळचाच मोठा. पूर्वी तासभर बोलायचे. सोसायटीची निवडणूक कोण हरलं, कोथिंबीर किती महागली, तुमच्या त्या जर्मनीत ट्रेन वेळेवर का येत नाहीत, मग कसला डोंबलाचा प्रगत देश. मी हो-हो करत भांडी घासायची.

त्या वर्षी मार्चपासून फोन आखूड झाले. बाबा खुर्चीत ताठ बसलेले दिसायचे, दोन वाक्यं बोलायचे, 'तू बरी आहेस ना?' विचारायचे, आणि लगेच, "चल, ठेवतो." कधी मॅच लागलेली असायची, कधी कोणीतरी भेटायला आलेलं. सुरुवातीला मी हसले. मग मला राग यायला लागला. आठवडाभर ज्याची वाट बघायची ते पाच मिनिटांत संपतं? एकदा मी दादाला चिडून म्हटलं, "बाबांना माझा कंटाळा आलाय का रे?" दादा म्हणाला, "वय झालंय गं. मनावर घेऊ नकोस." दादाला खोटं बोलता येत नाही असं आम्ही लहानपणापासून समजत आलो. येतं त्याला, चांगलं येतं.

ऑक्टोबरात क्लबची मंडळी माल्टाला निघाली. भूमध्य समुद्रातलं चिमुकलं बेट, पण पाणी असं की वर होडीत उभं राहून तळाचे दगड मोजावेत. मी सुट्टी टाकली आणि घरी सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे. पहिल्याच बुडीला मला रडू आलं. पाण्याखाली रडता येतं, हे तेव्हा कळलं. इतके दिवस मी चिखलात चाचपडत होते आणि इथे निळंशार, जिकडे बघावं तिकडे उजेड. गवताची कुरणं डुलत होती. एक ऑक्टोपस दगडाच्या सांदीतून माझ्याकडे एका डोळ्यानं बघत होता, शेजारची म्हातारी पडद्याआडून बघते तसा. अकाउंट्सवालीनं माझा दंड दाबून तो दाखवला. तीन दिवस मी सुखात होते. हे लिहितानाही हात अडखळतो, पण होते.

चौथ्या दिवशी दोन बुड्या झाल्या. दुपारी खडकावर चढून ओला रबरी पोशाख कमरेपर्यंत सोलला आणि पिशवीतून फोन काढला. दादाचे मिस्ड कॉल, एकाखाली एक. फोन लावला तर पलीकडून तो ओरडलाच.

"कुठे तडमडलीस? बाबा आयसीयूत आहेत. मिळेल ते विमान पकड आणि ये."

"काय झालं?"

"फुप्फुसं. फाउंड्रीतली धूळ. डॉक्टर म्हणतायत, आता दिवसांवर आहे. मार्चपासून घरी ऑक्सिजनवरच होते."

माझ्या डोक्यात काही शिरेना. "असं कसं? मी दर रविवारी बघतेय त्यांना! नाकात नळी कुठे होती?"

दादाचा आवाज उतरला. "तुझा फोन यायच्या आधी काढायचो. पोरगी तिकडे एकटी आहे, तिच्या जिवाला घोर नको, म्हणायचे. शपथ घातली होती आम्हाला. दम लागायला लागला की 'चल, ठेवतो' म्हणायचे आणि आई पळत येऊन नळी लावायची. कधीकधी ओठ निळे पडायचे गं."

मी खडकावर बसले. त्या 'चल, ठेवतो'वर मी कितीदा फुरंगटले होते! माणूस माझ्याशी पाच मिनिटं बोलता यावं म्हणून हवेवाचून बसत होता, आणि मी इकडे एक-एक श्वास मोजायला शिकत होते, सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारी काट्याची डबी हातात धरून. मला दादाचा इतका राग आला की समोर असता तर थोबाडीत दिली असती. आणि बाबांचा त्याहून जास्त.

"संध्याकाळच्या विमानानं निघते," म्हटलं आणि उठले. अकाउंट्सवाली सगळं ऐकत उभी होती. मराठी तिला कुठून कळणार, पण माझा चेहरा कळला. मी सांगितल्यावर तिनं मला घट्ट धरलं. आणि मग, तसंच धरून ठेवून, म्हणाली, "आज नाही. उद्या दुपारी."

तो नियम मला ठाऊक नव्हता थोडाच? पहिल्या धड्यात शिकवतात. खोल पाण्यात रक्तात वायू मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. लगेच विमानात बसलं, तर उंचावरच्या कमी दाबानं, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर येतात तसे रक्तात बुडबुडे येतात. सांधे धरतात, हातपाय लुळे पडतात, माणूस जाऊही शकतो. म्हणून बुड्या मारल्यावर आम्ही चोवीस तास विमानात पाऊल ठेवायचं नाही. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. माझा बाप मरतोय. ती जागची हलली नाही. "आल्झो, म्हणजे असं बघ, तू विमानात वाकडी झालीस तर ते विमान मध्येच कुठेतरी उतरवतील. तू वडिलांपर्यंत पोचणारच नाहीस. आणि तुझ्या आईला दोघांसाठी रडावं लागेल." जर्मन माणसं सांत्वन करताना गणित मांडतात. पण गणित बरोबर होतं.

दादाला परत फोन केला. म्हणता आलं असतं की आजचं विमान भरलंय, तिकीट उद्याचं आहे. जिभेवर आलंही होतं. पण त्या क्षणी मला आमच्या घरातल्या सगळ्या लपवाछपवीची शिसारी आली. मी सरळ सांगितलं. पोहायला शिकले, बुडी मारायला शिकले, आज समुद्राच्या तळाशी होते, म्हणून उद्या दुपारपर्यंत विमानात बसता येत नाही.

"म्हणजे विमान आहे, आणि तू बसणार नाहीस?"

"बसू शकत नाही, दादा."

"बापाचा श्वास चाललाय आणि तू समुद्रात डुंबत होतीस? योगासनं म्हणे!"

"आणि तू? बाबांची ती मॅच? दर रविवारी कुठली मॅच असते रे?"

दोघंही हमसाहमशी रडत एकमेकांना वाट्टेल ते बोललो. शेवटी वहिनीनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. आमची वहिनी कमी बोलते, पण बोलली की तो शेवटचा शब्द. म्हणाली, "वन्सं, भांडायला जन्म पडलाय. बाबा शुद्धीत आहेत आणि तुम्हाला विचारतायत. नर्सला सांगून मी आत फोन नेते. तोंड धुऊन घ्या."

मी नळाखाली तोंड धुतलं. केसांत मीठ तसंच. थोड्या वेळानं स्क्रीनवर बाबा दिसले. इतके लहान कधी झाले होते? नाकात जाडजूड नळी, गालावर पट्ट्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तरी हात नळीकडे गेलाच. मी ओरडले, "बाबा, हात लावायचा नाही!" ते हसले.

"निघालीस का?"

"नाही बाबा. उद्या दुपारी निघते." आणि मग सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता. वाटत होतं, आत्ताच यांचं काहीतरी होईल आणि ते माझ्या माथी येईल. पलीकडे नुसता मशीनचा आवाज.

"किती खोल गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच मजले असतील."

"श्वास कसा घेतेस खाली?"

"सिलिंडर असतो पाठीवर. श्वास कोंडायचा नाही, सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा."

"मला पण ती फिजिओवाली हेच सांगते," बाबा म्हणाले, आणि थोडा दम खाऊन, "मला जमत नाही."

मी माशांचं सांगितलं, त्या चोरून बघणाऱ्या ऑक्टोपसचं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. वाटलं, झोप लागली. वहिनी फोन बाजूला घ्यायला लागली, तेवढ्यात ते बोलले. इतकं हळू की मला फोन कानाला लावावा लागला.

"खाली उजेड असतो का गं?"

कोणाबद्दल विचारतायत ते मला लगेच कळलं. साठ वर्षांत त्यांनी हे कोणालाच विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोणाला? पाण्याखाली जाऊन परत आलेलं आमच्या घरात कोणी नव्हतंच. कृष्णेचं पुराचं पाणी कसं असतं ते मला ठाऊक आहे. आमच्या त्या खाणीच्या तळ्यापेक्षाही गढूळ. तिथे स्वतःचा हात दिसत नाही.

"असतो, बाबा," मी म्हटलं. "वरून येतो खालपर्यंत. निळा असतो. भीती नाही वाटत."

"नक्की?"

"मी बघून आलेय ना आत्ता."

त्यांनी मोठा नि:श्वास सोडला. "बरं," म्हणाले. मग बापाच्या नेहमीच्या आवाजात, जेवढा निघाला तेवढ्यात, "उद्या ये. नियम आहे तर आहे. घाई करू नकोस." आणि "चल, ठेवतो" न म्हणताच त्यांनी डोळे मिटून घेतले. वहिनीनं फोन उशीशी तसाच राहू दिला. मी खडकावर बसून त्यांच्या मशीनचा आवाज ऐकत राहिले. अकाउंट्सवालीनं माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, माझं सामान आवरलं, उद्याचं तिकीट काढलं. देव तिचं भलं करो.

सकाळी हॉटेलात बॅग भरत होते तेव्हा दादाचा फोन आला. तो काही बोललाच नाही. मीच म्हटलं, "गेले?" तो "हं" म्हणाला. मग लहानपणी रडायचा तसा रडायला लागला. त्या क्षणी आमच्यात काही भांडण उरलं नाही.

डोळे पुसून त्यानं विचारलं, "हॉस्पिटलच्या शीतपेटीत ठेवू? उद्या दुपारपर्यंत पोचशील ना तू? काका लोक कुरकुर करतायत, पण मी बघतो त्यांच्याकडे. तू म्हणशील तसं."

मला हो म्हणायचं होतं. देवा, किती म्हणायचं होतं! हात लावायचा होता, कपाळाला. पोटच्या पोरीला एवढंही मिळू नये? पण मागून आईचा आवाज आला, आणि मी विचारलं, "आईनं काही खाल्लं?"

"नाही. पाणीसुद्धा घेत नाहीये. म्हणते, त्यांना नेल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. सकाळची इन्सुलिनही टाळली."

आमच्याकडची ही रीत मला कोणी समजावून सांगायला नको होती. प्रेत असेपर्यंत घरात चूल पेटत नाही. आई सत्तरी पार केलेली, साखरेची रोगी, आणि हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाचंही न ऐकणारी. उद्या दुपारपर्यंत तिला उपाशी ठेवायचं ते कोणासाठी? बाबांना आता कोणाचीच वाट बघायची नव्हती. सगळ्यांनी थांबावं असं वाटत होतं ते मला.

"नका थांबू," मी म्हटलं. "आत्या सांगलीहून आली की आजच उरकून घ्या."

"नक्की?" दादानं विचारलं. बाबांसारखंच विचारलं त्यानं.

"नक्की. फक्त निघायच्या आधी मला एकदा फोन लाव."

दुपारी निघालेलं विमान फ्रँकफर्टला उतरलं, आणि मुंबईच्या विमानाच्या गेटपाशी मी येऊन बसले. खिडकीतून आमच्या एश्बॉर्नकडचं आभाळ दिसत होतं. आजूबाजूला सगळी आपलीच माणसं. दिवाळीला निघालेली, चॉकलेटच्या पिशव्या घेऊन. समोरच्या बाई मुलाला मराठीत दटावत होत्या आणि तो जर्मनमध्ये उलट उत्तरं देत होता. तेवढ्यात फोन वाजला.

दादानं फोन बाबांच्या चेहऱ्यावर धरला होता. हॉलमध्ये दिवा लावलेला. कोणीतरी मागे हळू आवाजात पाठ म्हणत होतं. बाबांच्या नाकात नळी नव्हती. मार्चपासून दर रविवारी मी त्यांना असंच बघत आले होते, नळीशिवाय. पण या वेळी त्यांना दम लागत नव्हता. मॅच नव्हती, भेटायला कोणी आलेलं नव्हतं. किती वेळ बघत बसले असते तरी त्यांनी मला 'चल, ठेवतो' म्हटलं नसतं. मी त्यांना काय काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. समोरच्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुलाला जवळ ओढून गप्प केलं. दादाचा हात भरून आला असेल, पण त्यानं फोन खाली केला नाही, आणि चार खांदेकरी दाराशी खोळंबले होते तरी कोणी 'चला' म्हटलं नाही. माझ्यासाठी सगळे थांबले होते.

मग गेट उघडलं. रांग पुढे सरकली, संपत आली, आणि गणवेशातली मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली की फोन आता बंद करावा लागेल.

मी म्हटलं, "चला बाबा, ठेवते."